चालता संगणक बाद कोणी ठरवला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही, आणि सगळा गोंधळ त्यातूनच आहे. बटण दाबलं की स्क्रीन उजळते, टॅली उघडते, प्रिंट निघते. थांबतं ते न दिसणारं काम. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेतल्या भोकांना जी ठिगळं लावते, ती घरगुती मशीनवर आपोआप येईनाशी होतात. चालता संगणक असा गुपचूप बाद ठरतो आणि मालकाला ते कळतं हार्डवेअरवाल्याकडून: "साहेब, ह्यात विंडोज अकरा बसणार नाही. नवीनच घ्या."

विंडोज १० आली २९ जुलै २०१५ला, तेव्हा ती सात आणि आठवाल्यांना वर्षभर फुकट दिली होती. हीच शेवटची विंडोज, यापुढे हिच्यातच भर पडत राहील, असं त्या वर्षी कंपनीच्याच एका माणसानं तंत्रज्ञांच्या परिषदेत सांगितलं होतं. ५ ऑक्टोबर २०२१ला अकरा आलीच, आणि हिच्या प्रवेशाची कट-ऑफ कडक निघाली. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, संगणक सुरू करणारी नवी यंत्रणा यूईएफआय आणि सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर आत घेणारं सिक्युअर बूट हवं, प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा हवा, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेचा. इंटेलची आठवी पिढी बाजारात आली २०१७च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१७च्या दिवाळीत हौसेनं घेतलेला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह बाहेर, मग त्यात आठ जीबी रॅम असो की नवी एसएसडी. पुष्कळदा त्याच्या बोर्डात टीपीएमची सोयही असते, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन 'पीटीटी' ही इंटेलची अंगभूत टीपीएम चालू केली की पुरतं. तरीही बाहेर. गंमत अशी की सातव्या पिढीच्या ज्या मोजक्या प्रोसेसरना सूट मिळाली त्यात एक होता ७८२०एचक्यू, आणि तो बसवलेला होता मायक्रोसॉफ्टच्याच महागड्या सरफेस स्टुडिओ २मध्ये. घरच्या पोराला मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश!

माझं म्हणणं नव्या विंडोजविरुद्ध नाही. सुरक्षेची दुरुस्ती आणि मशीनचा किंवा मांडणीचा बदल ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांची गाठ मुद्दाम मारलेली आहे आणि ती सोडवणं हा आता ग्राहकहिताचा, म्हणून सार्वजनिक प्रश्न आहे. दुरुस्ती हा विकणाऱ्याचा धर्म आहे; बदल घ्यायचा की नाही, हे वापरणाऱ्यानं ठरवायचं. छप्पर गळतंय म्हणून बोलावलेल्या गवंड्यानं स्वयंपाकघराची दिशा बदलून जावं आणि वर म्हणावं, 'होईल सवय', असा हा व्यवहार आहे.

या बदलाची किंमत कुठे पडते ते पाहायचं असेल तर तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोरच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात उभं राहावं. तिथे साधारण दोन मशीन असतात. एकावर ऑनलाइन कामं: उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शाळेचे अर्ज. दुसरं जुनं, भिंतीकडचं, की-बोर्डवरची अक्षरं पुसली गेलेलं. त्यावर प्रतिज्ञापत्रं, खरेदीखताचे मसुदे, लग्नपत्रिका. हे दुसरं मशीन सातवरून दहावर आलेलं असतं आणि त्यावरची विंडोज बहुधा ३२ बिटची, म्हणजे जुन्या घडणीची. विंडोज ११ची ३२ बिट आवृत्तीच नाही. आहे त्यावर नवी चढवणं शक्य नसतं. फॉरमॅट मारून ६४ बिटची कोरी विंडोज टाकावी लागते.

मग सुरू होतं खरं रामायण. मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय ते चालत नाही तो खुंटा, प्रिंटरच्या जाड पोर्टला लागायचा. नवं मशीन घेतलं तर त्याला तो पोर्टच नाही. यूएसबीचा डोंगल असला तर त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा, आणि ६४ बिटची विंडोज ३२ बिटचे ड्रायव्हर घेत नाही. फॉरमॅटच्या आधी विंडोज टाकणाऱ्या पोरानं बॅकअप घेतलेला असतो, पण तो 'डी' ड्राइव्हचा आणि डेस्कटॉपचा. फॉन्ट असतात 'सी' ड्राइव्हवर विंडोजच्या पोटात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दुसऱ्या दिवशी पक्षकार आधीचा करारनामा दुरुस्त करून मागतो, फाइल उघडते, आणि समोर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा नुसता काला. मजकूर तसाच्या तसा शाबूत आहे. त्याला मराठी रूप देणारा फॉन्ट तेवढा गेला. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून तो फॉन्ट मिळेपर्यंत काम ठप्प, आणि मिळाला तरी निम्मं दुखणं शिल्लक राहतं. वाचता येतं, पण पूर्वीच्या बोटांनी टाइप करता येत नाही. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, तीस-चाळीसचा स्पीड काढून परीक्षा दिलेल्या माणसाला विंडोज स्वतःहून देते ती इन्स्क्रिप्ट ही वेगळी मांडणी, आणि २०१९पासून इंग्रजी उच्चारांवरून चालणारी फोनेटिक. रेमिंग्टन तिच्यात नाही. उतारवयात बोटांना नवी मांडणी शिकवणं म्हणजे काय, हे ज्यानं पोटासाठी टायपिंग केलं आहे त्यालाच कळेल. घरी 'मराठी' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करणाऱ्यांचीही अशीच पंचाईत झाली. गुगलचं ऑफलाइन इनपुट टूल कंपनीनं कधीच बंद केलं, त्यामुळे फॉरमॅटनंतर अधिकृत जागेवरून ते पुन्हा उतरवता येत नाही. मग कुठल्या तरी अनोळखी साइटवरून ते आणायचं. सुरक्षेसाठी केलेल्या अपग्रेडचा शेवट असा अनोळखी .ईएक्सई फाइल चालवण्यात होतो.

इथे आपल्याही पदरात माप घालायला हवं. फॉन्टचं हे दुखणं सगळं विंडोजनं दिलेलं नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये मजकूर तोच राहील अशा जागतिक संकेतात, देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१पासून आहे आणि विंडोजमध्ये तिची सोय विंडोज २०००पासून. १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकनं डॉसच्या काळात संगणकावर मराठी उमटवली, ते ऋण मोठं आहे. पण पुढे प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्यानं आपला वेगळा फॉन्ट, वेगळा संकेत, वेगळा डोंगल केला आणि आपण छापखान्यांपासून कचेऱ्यांपर्यंत त्याच्याशी संसार थाटला. पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ची. तिला युनिकोड कळत नाही, तरी तिच्यावर दिवाळी अंक लागत राहिले. विंडोजच्या मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात, 'ऱ्य' काढताना तारांबळ उडते, या तक्रारी खऱ्या होत्या. पण त्यावर उपायही आले होते. वीस वर्षं हातात असताना जे केलं नाही ते आता एका फॉरमॅटच्या धक्क्यानं करावं लागतंय, याबद्दल मला फार सहानुभूती नाही. जुन्या फायली युनिकोडमध्ये वळवून घ्या, हे सांगायला कुणा अमेरिकन कंपनीची गरज नव्हती.

ज्यांचं मशीन कट-ऑफमध्ये बसलं त्यांचं तरी सुरळीत झालं का? स्टार्टचं बटण मधे आलं, उजव्या क्लिकचा मेनू अर्धा होऊन बाकीचा 'आणखी पर्याय'मागे लपला, टास्कबार वर किंवा बाजूला न्यायची सोय काढून टाकली गेली. याचा जो आरडाओरडा झाला तो मला तितका पटत नाही. ही सवयीची गोष्ट आहे, महिन्याभरात बोटं शिकतात.

खरी अडचण खात्याची आहे. होम आवृत्तीला सुरुवातीपासूनच आणि पुढे प्रोलाही, पहिल्यांदा मशीन चालू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. आपल्याकडे हे खातं उघडतो कोण? विंडोज टाकणारा पोरगा. गिऱ्हाईक म्हणतं, "तूच टाक रे काहीतरी." तो स्वतःचा मेल टाकतो किंवा तिथल्या तिथे एक नवा बनवतो, पासवर्ड चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी बिलाबरोबर जाते. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून कोऱ्या मशीनवर असं खातं जोडलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि त्या कुलपाची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली त्या खात्यात जमा होते. सहा महिन्यांनी बायोस अपडेट झाला किंवा बोर्ड बदलला की निळी स्क्रीन ती किल्ली मागते. खातं कोणाचं होतं ते कुणाला आठवत नाही. पोरगा एव्हाना पुण्याला नोकरीला गेलेला. डिस्क धडधाकट, त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो आणि सोसायटीचे हिशोब, आणि मालकालाच आत जाता येत नाही. चोरापासून संरक्षण म्हणून हे कुलूप उत्तम आहे. पण किल्ली कुठे ठेवली हे मालकाला समजेल अशा भाषेत न सांगता कुलूप लावणं, याला मी सुरक्षा म्हणणार नाही.

वनड्राइव्हचंही, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचंही, तसंच. 'बॅकअप चालू करा' या आग्रहाला एकदा होकार गेला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ढगात जाऊ लागतात. फुकटची जागा पाच जीबी. ती भरली की आधी 'स्टोरेज फुल'चे इशारे येतात, मग पैसे भरा म्हणून सांगितलं जातं. वैतागून वनड्राइव्ह बंद करावं तर डेस्कटॉपवरच्या फायली जागेवर दिसत नाहीत आणि घरात बोंब उठते की अपडेटनं सगळं खाल्लं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. १२ मे २०१७ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या रुग्णालयांचं कामकाज विस्कटलं, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या या तशाच व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि त्याचा फटका थेट न्हावा शेव्याला बसला. जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम कोलमडलं, कंटेनर अडकून पडले. त्यामुळे 'जुनंच चालू द्या, काही होत नाही' हा सल्ला देणाऱ्याच्या नादी लागू नये. सपोर्ट संपलेलं मशीन इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचंच आहे.

पण वॉनाक्रायमध्ये सर्वाधिक सापडल्या त्या विंडोज ७च्या मशीन. त्यांचा सपोर्ट तेव्हा चालू होता, दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ती लावलेली नव्हती, एवढंच. का नव्हती? आळस म्हणून सोडून देणं सोपं आहे. कुठल्याही हार्डवेअरवाल्याला विचारा, नवं मशीन देताना गिऱ्हाईक सगळ्यात जास्त काय मागतं: "ते अपडेट तेवढं बंद करून द्या." लोकांचा अनुभव असा की अपडेट म्हणजे ऐन कामाच्या वेळी अर्धा तास फिरणारं चक्र, नंतर न चालणारा प्रिंटर, न मागितलेल्या जाहिराती. ऑक्टोबर २०१८ची विंडोज १०ची मोठी अपडेट तर काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच पुसून गेली आणि मायक्रोसॉफ्टला ती चार दिवसांत थांबवावी लागली. आणि नॉटपेट्या युक्रेनमध्ये शिरला तो एका करभरणा सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच. अशा जगात अपडेटवरचा विश्वास ही सुरक्षेची पहिली अट आहे. ठिगळाबरोबर प्रत्येक वेळी नवं बटण, नवी जाहिरात, नवी अट चिकटवून हा विश्वास कंपन्यांनीच घालवला आहे. गाठ सोडा म्हणतो ते यासाठी.

'दहा वर्षं सांभाळलं, अजून किती?' असा प्रश्न अभियंते विचारतात. जुना कोड सांभाळायला माणसं लागतात, हे खरंच. पण ही दहा वर्षं मोजली जातात विंडोजच्या जन्मापासून, गिऱ्हाइकाच्या खरेदीपासून नाही. मायक्रोसॉफ्ट आपल्या संकेतस्थळावरून विंडोज १०चं लायसन्स ३१ जानेवारी २०२३पर्यंत विकत होती. त्या महिन्यात ज्यानं पैसे मोजले त्याला तीन वर्षंही पुरी मिळाली नाहीत.

शिवाय ही ठिगळं तयार करणं थांबलेलंच नाही. यंत्रं, एटीएम, वैद्यकीय उपकरणं यांसाठी विकल्या जाणाऱ्या विंडोज १०च्या खास आवृत्तीला, आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ला, जानेवारी २०३२पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. मोठ्या कंपन्यांना जादा मुदत विकत मिळते: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदत दिली गेली, तीही ३० डॉलर भरा, बक्षिसाचे हजार पॉइंट जमवा किंवा सेटिंग्जचा बॅकअप आमच्या खात्यात ठेवा, अशा अटींवर. फक्त युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणला आणि तिथल्या लोकांना ती बॅकअपच्या अटीवाचून फुकट मिळाली. म्हणजे ठिगळ तयार आहे, ते पोचवायचा खर्च नगण्य आहे, फक्त कुणाला द्यायचं हे बाजारभावानं ठरतंय. ब्रुसेल्समध्ये कुणी तरी मागितलं म्हणून मिळालं. नागपूर-नाशिकसाठी कुणी मागितलंच नाही.

'सरळ लिनक्स टाका', म्हणजे विंडोजऐवजी मुक्त आणि फुकट सिस्टिम टाका, हा सल्ला मी नेहमी ऐकतो आणि निम्मा मानतो. केरळनं आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजवलं, मुलांची आयटीची परीक्षाही त्यावरच होते, आणि आकाश कोसळलं नाही. घरी ब्राउझर, पत्रं आणि सिनेमा एवढंच असेल तर सातव्या पिढीच्या मशीनवर लिनक्स मिंट ही लिनक्सची सोपी आवृत्ती मजेत चालते, मराठीसकट. पण टॅलीवर हिशोब ठेवणारी पतसंस्था, आधारच्या बोटांच्या ठशाचं मशीन चालवणारं सेवा केंद्र, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावणारा कंत्राटदार यांना तिथे जाता येत नाही. कारण त्यांना लागणारे ड्रायव्हर आणि पोर्टलं बनवताना विंडोज गृहीत धरलेली असते. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला, तरी 'एक्सप्लोररमध्येच उघडा' असं सांगणाऱ्या सरकारी पानांसाठी लोक मायक्रोसॉफ्टच्या नव्या एज ब्राउझरमध्ये त्याचं जुनं रूप चालू करून कामं करत राहिले. नागरिकाला एका कंपनीच्या दारात बांधून ठेवायचं काम इथे सरकारच करतं, फुकट.

त्यामुळे मागणी आधी सरकारकडे करायला हवी, तेच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. संगणक खरेदीच्या निविदेत यंत्र पुरवल्याच्या तारखेपासून किमान आठ-दहा वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या, मशीन न बदलता, अशी अट घालता येते. सरकारी सेवांची पोर्टलं आणि त्यांची ठशांची-सह्यांची उपकरणं किमान दोन वेगळ्या सिस्टिमवर चालली पाहिजेत, हेही निविदेतच लिहिता येतं. केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. मोबाइल, गाड्या, फ्रिज यांचं तिथे बोलणं होतं. सॉफ्टवेअरची दुरुस्ती हीदेखील दुरुस्तीच आहे. युरोपनं २०२४च्या सायबर रेझिलियन्स कायद्यात सुरक्षा-दुरुस्तीची मुदत ही विकणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी ठरवली, साधारणपणे किमान पाच वर्षं. आपला ई-कचऱ्याचा नियम मात्र मशीन भंगारात गेल्यावर जागा होतो. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेचा २०२३चा अंदाज होता की विंडोज १०च्या अखेरीमुळे जगभरात २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतात.

तोवर एक काम राज्याच्या शिक्षण खात्याला उद्याही करता येईल. शाळांसाठी या जादा मुदतीचा दर मायक्रोसॉफ्टनं वेगळा ठेवला आहे: मशीनमागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना हे एकेकट्यानं घेणं जमणारं नाही, ती खरेदी घाऊक परवान्यातून होते, म्हणजे ती खात्यानंच करायची. त्यासाठी आधी कुठल्या शाळेत किती संगणक, कुठल्या पिढीचे, कुठल्या विंडोजवर चालतात याची यादी लागेल. यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या फॉर्ममध्ये शाळा दरवर्षी संगणकांची संख्या भरतात. त्यातच पिढीचा आणि विंडोजचा एकेक रकाना वाढवला तर यादी आयती हाताशी येईल.